डाव्या दाढेचा तपास

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.१०. शून्याखाली सव्वीस.
दाढ ठणकतेय. डावीकडची, खालची. काळजीचं कारण नाही. लवंगेचं तेल लावलं. गुरुवारपर्यंत गप्प बसेल.
उजवीकडच्या दाढा डॉ. लुंडग्रेननं त्याच्या काळात एकेक करून उपटल्या. आता चावायचं सगळं काम ही एकटी आणि तिच्या डोक्यावरची एक, अशा दोघी मिळून करतात. ही गेली तर वरची नुसती शोभेची. म्हणून हिला जपायचं.
निश्चय : हरणाचं सुकं मांस बंद. पूर्ण आठवडा.
दुपारी २. थोडं खाल्लं. पिशवी उघडीच होती.

८ जानेवारी, बुधवार.
जुन्या बँकेच्या इमारतीत दातांचा दवाखाना उघडला. लुंडग्रेन म्हातारपणी ॲरिझोनात ऊन खायला गेला, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून गावाला डेंटिस्ट नाही. जवळचा एकशेदहा मैलांवर, आणि जानेवारीत फोन केला तर तो ऑगस्टची तारीख देतो.
आता युनिव्हर्सिटीनं एक बाई पाठवली आहे. डॉ. नर्मीन शुक्री. इजिप्तची, अलेक्झांड्रिया म्हणून गाव आहे तिथली. तिकडं बारा वर्षं लोकांचे दात बघितले, तरी इथं पुन्हा शिकतेय. आमच्यासारख्या बिनडेंटिस्टच्या गावात मार्चअखेरपर्यंत काम करायचं. दर गुरुवारी शहरातून डॉ. विनफील्ड नावाचा मास्तर येऊन तपासणार. पास झाली की लायसन्स, आणि मग तीन वर्षं इथंच.
हे सगळं मार्लिसनं सांगितलं. ती तिथं काउंटरवर बसते. ती शाळेत असताना मी तिला वादळात ट्रकमधून घरी सोडायचो, म्हणून मला सगळं सांगते.
मला काही पटलं नाही. समुद्रकाठचं गाव सोडून मिनेसोटाच्या या टोकाला, शून्याखाली सव्वीसमध्ये, दुसऱ्यांच्या तोंडात बघायला कोण येतं? काहीतरी आहे. एकेचाळीस वर्षं मी काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवला. वरून सपाट दिसणारा बर्फ आतून कुठं पोकळ आहे ते मला लांबून कळतं. माणसांचंही तसंच.
आर्डिस म्हणाली, तुला माणसांचं कळत असतं तर तू तुझ्या भावाला करवत उसनी दिली नसतीस. बायको आहे. बोलणारच.
निश्चय : शांतपणे तपास करायचा. कुणाला कळू द्यायचं नाही.

९ जानेवारी, गुरुवार.
क्लिफर्डला सांगितलं. तो शेजारी आहे, शिवाय पत्त्यांचा जोडीदार. त्याला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. तो म्हणाला, लेका, दाढ दुखतेय तर दाखव की, तपास कसला करतोस? त्याला मुद्दाच कळत नाही. त्याची आई शिकागोची होती.
दाढ अजून ठणकतेय. गुरुवार संपायचाय.

१४ जानेवारी, मंगळवार.
आर्डिसनं मला न विचारता माझ्या नावाची वेळ घेऊन ठेवली होती. म्हटलं ठीक, आतून पाहणी होईल.
मार्लिस म्हणाली, या या हार्लनकाका, तोंड दाखवायला आलात की आमची तोंडं बघायला? लक्ष दिलं नाही.
डॉक्टरीण लहानखुरी. पांढऱ्या कोटाखाली दोन स्वेटर, त्याखाली आणखी एक असावा. कसे आहात विचारलं. म्हटलं बरंय, तक्रार नाही. दुखतं का? फार नाही. आरसा घातला, टकटक केलं, एक्स-रे काढला. टकटक केल्यावर माझे दोन्ही पाय हवेत गेले, पण ते पायांचं झालं, तक्रार मी केली नाही. मग म्हणाली, आतली नस खराब होतेय, आत्ता रूट कॅनॉल केलं तर दाढ वाचेल. आज सुरू करू या का?
मी म्हटलं, नको, कशाला उगीच तुम्हाला त्रास.
आता आपल्याकडची रीत पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे. पहिल्यांदा विचारलं की नको. दुसऱ्यांदा विचारलं की अहो कशाला. तिसऱ्यांदा विचारलं की बरं, एवढं म्हणताच आहात तर. कॉफी असो, केक असो, नाहीतर बर्फात रुतलेली गाडी ओढणं असो. पहिल्याच फटक्यात हो म्हणायला आपण काय हपापलेले आहोत?
तर मी तोंड उघडं ठेवून दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत पडलो. आणि बाईनं हातमोजे काढले! कागदावर काहीतरी लिहिलं, माझी सही घेतली, हसून म्हणाली, तुमचा निर्णय, दुखलं तर नक्की या. आणि गेली पुढच्या पेशंटकडं.
मार्लिस आत डोकावून म्हणाली, काका, झालं. मिटा आता.
संशय नंबर एक : काम टाळते.

२२ जानेवारी, बुधवार. दुपारी १२.
दुकानात होतो. डॉक्टरणीच्या टोपलीत साखर. पाच पौंडांच्या दोन पिशव्या. दोन! दातांच्या डॉक्टरणीच्या टोपलीत!
क्लिफर्डला कोपरानं ढोसलं. तो म्हणाला, साखर कुणाला लागत नाही? म्हटलं, एकटी बाई, दहा पौंड? तो म्हणाला, मग तुला काय वाटतं, ती रात्रीची गावाच्या तोंडात साखर टाकत हिंडते? त्यानं चेष्टेत म्हटलं. मी लिहून ठेवतोय.
निश्चय : पाळत ठेवायची.

२३ जानेवारी, गुरुवार.
१ ते ३.४० बँकेसमोर ट्रकमध्ये बसलो. इंजिन चालू ठेवलं, नाहीतर गोठलो असतो. वर्तमानपत्रामागून बघत होतो. तीन वाजता ती खिडकीशी उभी राहून फोनवर बोलत होती. कुठल्याशा भाषेत. हातवारे. हसली, मग डोळे पुसले. कोणाला माहिती देते?
मग एकदम ट्रकच्या काचेवर टकटक. तीच! कोट नाही, डोक्यावर टॉवेल, हातात चहाचा ग्लास. म्हणाली, मिस्टर ओस्टबी, तुम्ही केव्हापासून थंडीत बसलाय, चहा घ्या. म्हटलं नको. म्हणाली घ्याच. म्हटलं अहो कशाला. म्हणाली, मी ऐकणार नाही, तुम्हाला माझ्या आईची शपथ. आणि ग्लास हातात कोंबला. चार वेळा आग्रह केला. मोजला मी.
चहा कसला, पाकच. त्यात चमचा उभा राहिला असता. पहिला घोट दाढेत गेला आणि डाव्या डोळ्यासमोर वीज चमकली.
आता बघा. दाढ दुरुस्त करायला एकदा विचारते. साखर पाजायला चार वेळा. सरळ हिशेब आहे. हिला दाढ बरी करायचीच नाही. हिला ती कुजवायची आहे. का?
आर्डिसला सांगितलं. ती म्हणाली, तिची मुलगी आजीजवळ राहिलीय तिकडं, तिच्याशी बोलते रोज तीनला. आणि तू बाईला टेहळत बसला होतास अडीच तास? लाज नाही वाटत? म्हटलं दोन तास चाळीस मिनिटं.

६ फेब्रुवारी, गुरुवार. शून्याखाली एकतीस.
दाढ बरी आहे. फक्त बसताना, उठताना आणि वाकताना जाणवते. झोपेचं म्हणाल तर मला वयामुळे झोप कमीच.
पुन्हा गेलो. या वेळी मास्तर विनफील्डही होता. बूट शहरी, पातळ.
डॉक्टरणीनं विचारलं, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? म्हटलं तीन. गावात चारच्या वर अजून कुणी गेलेलं नाही. क्लिफर्डचं बोट करवतीत गेलं तेव्हा तो चार म्हणाला होता, आणि त्यावर लोक अजून बोलतात.
ती एक्स-रे बघत राहिली. म्हणाली, फोटोत तर जास्त दिसतंय. अजून वाचवता येईल, पण फार थांबू नये. करू या का?
मी म्हटलं, तुम्हाला वेळ असेल तर बघा, नसला तर राहू दे.
हे आपल्याकडं जवळजवळ ओरडून हो म्हणण्यासारखं आहे! डॉक्टरीण पुन्हा विचारणार होती. मी तिचं तोंड उघडलेलं पाहिलं. तेवढ्यात मास्तर मध्ये पडला. म्हणाला, डॉक्टर, पेशंटनं सांगितलंय, आपण दडपण आणायचं नाही. कागद. सही. मी खुर्चीतून उतरलो.
दोघं मिळालेले आहेत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ११.
सापडलं!! सगळं सापडलं!
मार्लिस दुकानात आर्डिसला सांगत होती. मी डब्यांच्या मागं होतो. डॉक्टरणीला पास व्हायला एक शेवटची केस हवी आहे. रूट कॅनॉल, खालची मागची दाढ, पेशंट सत्तरीच्या पुढचा. ३१ मार्चच्या आत. नाहीतर शिक्षणाचं वर्ष फुकट, आणि दवाखानाही बंद.
गावात सत्तरीच्या पुढचे आम्ही साठेकजण. त्यांतल्या निम्म्यांच्या खालच्या दाढा लुंडग्रेनच्या बरणीत गेल्या. उरलेल्यांच्या ठणठणीत. म्हणजे कुणाची दाढ आहे? माझी! पहिल्या दिवसापासून त्यांचा डोळा माझ्या दाढेवर आहे. एकदाच विचारून सोडतात, कारण फळ पिकायची वाट बघतायत. पूर्ण पिकलं की केस मोठी, मार्क जास्त.
आता मला कळलंय, हे त्यांना माहीत नाही. त्या बाईचं लायसन्स माझ्या जबड्यात अडकलंय. येतील शोधत. आग्रह करतील, तीनदा, सहादा. मग बघू.
निश्चय : आपण होऊन जायचं नाही. फोनजवळ बसायचं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.
फोन नाही.
फोन चालू आहे का ते बघायला आर्डिसच्या बहिणीला लावला. चालू आहे. पन्नास मिनिटं चालू होता. निश्चय : रोज असाच तपासायचा.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
फोन नाही. क्लिफर्ड सलग दुसऱ्या गुरुवारी पत्त्यांना आला नाही. त्याचा ट्रक बँकेसमोर दिसला. विचारलं तर म्हणाला, सहज. चांगला माणूस. न सांगता माझ्यासाठी तपास करतोय.
डाव्या गालाला किंचित गोलाई आली आहे. आर्डिस म्हणते सूज. वजन वाढलं असेल. तसं गेला आठवडाभर मी कुस्करलेल्या बटाट्याशिवाय काही खाल्लेलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार.
चर्चच्या तळघरात जेवण. डॉक्टरीण आली होती. भात भरलेली मिरची घेऊन. प्रत्येकाच्या ताटात वाढत होती आणि नको म्हटलं तरी ऐकत नव्हती. खा, खा, एवढ्यानं काय होतंय. मॅबेलआजी तीनदा नको म्हणाल्या तरी चौथ्यांदा वाढली. म्हणजे हिला आग्रह करता येतो! येतो, पण दाढेच्या बाबतीत करत नाही. लिहून ठेवलं.
माझ्याजवळ आली, गालाकडं बघितलं, चेहरा उतरला. हळूच म्हणाली, मिस्टर ओस्टबी, उद्या येता का? मी म्हटलं, बघू, कामं आहेत.
तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि मान हलवून गेली. एकदाच!
क्लिफर्ड समोर बसून अक्रोडाच्या वड्या खात होता. दोन्ही बाजूंनी. मुद्दाम माझ्याकडं बघत.

४ मार्च, मंगळवार.
ताप. अंगात थोडी ऊब, थंडीच्या दिवसांत बरीच. गालावर गोठलेल्या मटारची पिशवी बांधली आहे. आर्डिस म्हणाली, हार्लन, आता पुरे. म्हटलं, त्यांच्याकडं सत्तावीस दिवस उरलेत, माझ्याकडं उभं आयुष्य. कोण आधी वाकतं ते बघ. ती उठून गेली. कोट घालून गेली. शिवणकामाच्या मंडळात, म्हणाली. मंगळवारी मंडळ नसतं.

१२ मार्च, बुधवार. पहाटे ५.
विचार केला. त्यांना आग्रह करायचा नाही, हे ठरलेलं दिसतंय. मग आपणच त्यांची चाल उलटवायची. उद्या जायचं आणि पहिल्याच प्रश्नाला थेट हो म्हणायचं. कुणालाच अपेक्षा नसेल. मोठेपणा म्हणून दाढ देऊन टाकायची. बाईला लायसन्स, गावाला डेंटिस्ट, मला दाढ. नंतर कुणी आभार मानले तर म्हणायचं, त्यात काय.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी ३.
गेलो. मास्तर होता. मार्लिसनं माझा चेहरा बघितला आणि सरळ आतलं दार उघडलं.
डॉक्टरणीनं विचारलं, दुखतंय? म्हटलं हो. किती? म्हटलं आठ.
बाहेर मार्लिसच्या हातून काहीतरी पडलं.
डॉक्टरीण म्हणाली, मी बघू का? हो. नक्की बघू? म्हटलं हो म्हणालो ना. पुन्हा विचारते, मिस्टर ओस्टबी, मनापासून सांगा, बघू? तीनदा! मी म्हटलं, बाई, आज काय झालंय तुम्हाला? ती म्हणाली, आर्डिस मागच्या आठवड्यात आल्या होत्या, त्यांनी तुमच्याकडची रीत सांगितली. मी तुम्हाला लगेच फोन केला होता, तीनदा, तुमचा फोन सारखा गुंतलेला.
मग ती बोलत राहिली, बहुतेक माझी भीती जावी म्हणून. अलेक्झांड्रियात म्हणे पाच-पाच वेळा विचारतात. पेशंट नको म्हणाला तर त्याच्या आईला बोलावतात. इथं शिकायला आल्यावर पहिल्या परीक्षेत ती नापास झाली, कारण पेशंटला दुसऱ्यांदा विचारलं. विनफील्डनं शिकवलं, एकदाच विचारा, नाही म्हणजे नाही. तिनं ते घोकून घोकून अंगात मुरवलं. आणि मग त्यांनी तिला नेमकं आमच्या गावात पाठवलं. म्हणाली, पहिल्या आठवड्यात चाळीस पेशंट आले आणि सगळे म्हणाले बरंय. मला वाटलं, या गावाला माझी गरजच नाही.
विनफील्ड आपल्या पातळ बुटांकडं बघत होता.
एक्स-रे आला. तिनं तो दोनदा बघितला. मग खुर्ची ओढून माझ्या समोर बसली. दाढेचं मूळ उभं चिरलंय. खालचं हाड पोखरलंय. रूट कॅनॉल होणार नाही. काढावी लागेल. जानेवारीत वाचली असती. फेब्रुवारीतही.
मी म्हटलं, आणि तुमची शेवटची केस? त्याचं काय?
ती म्हणाली, ती झाली की. मिस्टर क्लिफर्डची दाढ. फेब्रुवारीत. त्यांना विचारलं आणि ते लगेच हो म्हणाले.
क्लिफर्ड! त्याची आई शिकागोची!

१७ मार्च, सोमवार.
गोळ्यांनी सूज उतरली. दाढ काढली. दुखलं नाही, खरंच नाही, तीन वेळा विचारलं तिनं. हात हलका आहे, हे मान्य करायला हवं. दाढ छोट्या डबीत घालून दिली. ती पास झाली म्हणे. तीन वर्षं राहणार. मुलीला जूनमध्ये आणणार.
वरची दाढ आता जिभेला लागते. एकटीच लोंबतेय.
क्लिफर्ड सूप घेऊन आला. म्हटलं नको. ठेवून गेला.

२७ मार्च, गुरुवार.
विनफील्डचा फोन. खास मला! पुढच्या बॅचला चार डेंटिस्ट येतायत, वेगवेगळ्या देशांतून. आमच्यासारख्या गावांसाठी त्यांना तयार करायचंय. शिकवायला माझी केस वापरली तर चालेल का? म्हणाला, आजवर इतकी उपयोगी केस मिळाली नव्हती. मी लगेच हो म्हटलं. कागद आला, सही केली. चष्मा सापडत नव्हता, पण मजकूर काय असणार ते समजतंच.
शेवटी त्यांना कळलं. दाढ गेली, पण तपास वाया गेला नाही. मी निरीक्षणं केली ती कुणाच्या तरी कामी येणार.
निश्चय : निळा सूट धुवायला देणे. दोन शब्द बोलायला सांगितले तर बर्फापासून सुरुवात करायची.

३ एप्रिल, गुरुवार.
शहरात गेलो, एकशेदहा मैल. आर्डिसनं गाडी चालवली. मोठी खोली, भिंतीवर पडदा. मी पहिल्या रांगेत, मध्यभागी. आर्डिस मागं बसली, तिला पुढं नको असतं.
पडद्यावर माझी दाढ आली. टेबलाएवढी. एकाशेजारी एक तीन फोटो. जानेवारी, खाली लिहिलेलं : वाचवता येते. फेब्रुवारी : वाचवता येते. मार्चमध्ये नुसतं भोक. नाव नव्हतं. विनफील्ड म्हणाला, दवाखाना पेशंटच्या घरापासून चार मिनिटांवर आहे, फी माफ आहे, पेशंट दोनदा खुर्चीत बसून परत गेला. मग डॉ. नर्मीननं काय चुकलं ते सांगितलं. सगळी चूक तिनं स्वतःवर घेतली. खोलीत कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
दोन शब्द बोलायला कुणी सांगितलं नाही.
पेरूहून आलेली एक तरुण डॉक्टर होती. तिचे डोळे भरून आले होते. तिनं विचारलं, या बिचाऱ्या माणसाला घरी जवळचं कुणीच नव्हतं का? कुणीतरी सांगायला हवं होतं त्याला.
मागच्या रांगेतून आर्डिसनं हात वर केला.
सगळे मागं वळले. मीही वळलो.